६० कोणत्या बाजूचे?

मे महिन्यात आमच्या आर्णी भागात उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही. दुपारी गॅरेजचं शटर अर्धं ओढून आडवा झालो होतो, तेवढ्यात सरांचा फोन.

"भाऊ, बोल्ट नुसता फिरूनच राहिला. कसतच नाही जी."

सर बाजूच्या खेड्यात राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. एका लग्नाला जाताना त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीचा पाण्याचा होज फुटला, गाडी तापली आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधली पट्टी, गेलं. शाळेला सुट्ट्या, मोबाइलवर व्हिडिओ, त्यात ऑनलाइन मागवलेला टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याएवढा जोर पडला की 'कट्ट' वाजणारा पाना. "या टायमाले मीच करतो," असं त्यांनी आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. करा जी, म्हटलं. खरं सांगतो, फोन येणार हे तेव्हाच धरून चाललो होतो.

गेलो तर मांडवाखाली गाडी आणि तिच्या तोंडाशी कुलर धडधडतोय. सतरंजीवर पाने आकारानुसार मांडलेले, एकूण एक नट-बोल्ट पुठ्ठ्यात भोकं पाडून खोचलेला. माझ्या गॅरेजात एवढी शिस्त कधी नव्हती. हेड यवतमाळला लेथवर फेस करून, म्हणजे सपाट करून आणलेलं. वहीत दहाही बोल्टांचा नकाशा, मधून बाहेर जाणारा क्रम, समोर २०, ४०, ६० असे तीन टप्पे आणि बरोबरच्या खुणा. तिसऱ्या टप्प्यात सातव्या बोल्टापुढे खूण नव्हती.

तो बोल्ट काढला. आट्यांत चकचकीत तार गुंडाळल्यासारखं ॲल्युमिनियम अडकलेलं. इंजिनाचा ब्लॉकच ॲल्युमिनियमचा, त्याचे आटे बोल्टासोबत बाहेर आले होते.

"सर, किती कसला?"

"म्या बरोबर ६० च लावलं होतं ना भाऊ. मॅन्युअलात हेच हाय."

मॅन्युअल पाहिलं. कसायचा जोर ६० न्यूटन-मीटर, बरोबरच. मग पाना हातात घेतला. मूठ ६० वरच लॉक केलेली. पण दांड्यावर दोन पट्ट्या असतात, एका बाजूला न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड, त्याच जोराचं दुसरं माप. सरांचे ६० फूट-पाउंडाचे होते. पाना पलटवला, तर पलीकडे ८१ च्या आसपास.

आता एवढा वही-पेनवाला माणूस चुकला कसा? त्याचं उत्तर पान्यावरच होतं. न्यूटन-मीटरची पट्टी २८ पासून सुरू होत होती. सरांना पहिल्या टप्प्यासाठी २० पाहिजे होते, ते त्या बाजूला सापडले नाहीत. दुसरी बाजू २० पासूनच सुरू, म्हणून तिकडूनच सगळं केलं. मोठा पाना छोट्या कामाचा नसतो, हे व्हिडिओवाल्याने सांगितलं नसावं.

त्यात आट्यांना तेलही भरपूर चोपडलेलं. पान्याला फक्त फिरवायला किती जोर लागतो ते कळतं, बोल्ट किती ताणला गेला ते कळत नाही. एरवी आपल्या जोराचा जवळपास ९० टक्के हिस्सा घर्षणातच जातो. तेलाने घर्षण कमी झालं की तेवढ्याच आकड्यावर बोल्ट जास्त ओढला जातो.

"अन् तो कट्ट आवाज?"

"कुलरमध्ये ऐकू नाही आला काही वेळा. म्या ओढतच राहिलो."

कट्ट झाल्यावर पाना स्वतःहून थांबत नाही. थांबायचं आपण असतं.

दुसऱ्या दिवशी हेड पुन्हा उतरवलं. सिलिंडरांत कापड कोंबलं, ड्रिलला ग्रीस लावलं म्हणजे चुरा चिकटून राहतो, भोक मोठं केलं, नवे आटे पाडले आणि हेलिकॉइल, म्हणजे आट्यांची तयार तारेची गुंडाळी, बसवली. ड्रिल सरळ राहावं म्हणून सर गुण्या धरून बसले होते. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघंही बोललो नाही. एकदा दबलेलं गॅस्केट परत चालत नाही, तेही नवं आणलं. दहाही बोल्ट नवेच घेतले, ताणलेल्यांवर माझा भरवसा नव्हता.

नवे बोल्ट कसायला मी माझा रॅचेट, म्हणजे आकडा न दाखवणारा साधा पाना, उचलला, तर सर म्हणाले, "तुमच्या हाताचं माप कोणी घेतलं हाय का जी?"

हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या महिन्यात त्यांच्या गाडीची चाकं मीच बसवली होती, पान्याला पाईप घालून. सर टॉर्क पाना घेऊन चाकाजवळ बसले. ११० ला कट्ट. १५० ला कट्ट. १८० ला कट्ट, नट जागचा हलला नाही. बसलेला नट थोडं जास्तच दाखवतो हे मला माहीत आहे. तरी मॅन्युअलातला आकडा १०० च्याही खाली होता. २२ वर्षं मी हाताच्या अंदाजानेच कसत आलोय.

मग कुलर बंद केला. पहिला टप्पा छोट्या रॅचेटने बेताचाच, पुढे ४० आणि ६०, न्यूटन-मीटरच्या बाजूने. मी ओढायचो, सर खूण करायचे. घाम डोळ्यांत जात होता, पण दहाच्या दहा कट्ट स्वच्छ ऐकू आले. शेवटी मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून पाना पेटीत ठेवला, नाही तर आतली स्प्रिंग दबून राहते.

गाडी पहिल्या सेल्फला लागली. पण काम संपलं नव्हतं. चाकांचे नट सैल करून नीट कसायचे राहिले होते, आणि टॉर्क पान्याने सोडायचं नसतं. मी काही मागायच्या आत सरांनी आतून पाईप आणून माझ्या हातात दिला.