किमान वेतनाचा फरक मागताना : माझा अनुभव

किमान वेतन वाढवलं तर रोजगार घटतात का, यावर वाद चालूच राहतो. ठेकेदाराकडच्या कामगारांचे फरकाचे, म्हणजे किमान दरापेक्षा जेवढं कमी दिलं तेवढं मागायचे, अर्ज तयार करताना मला दिसतं ते असं, की जाहीर झालेला दरसुद्धा पदरात पडत नाही. तो मिळवायचा तर सगळा भार अर्जासोबतच्या तक्त्यावर असतो.

तक्ता महिनावार करायचा. उद्योग कोणता, परिमंडळ (किमान वेतनाच्या दरासाठी ठरवलेला भाग) कोणतं, काम अकुशल की अर्धकुशल, हे आधी पक्कं करा. महाराष्ट्रात मूळ दरावर महागाईनुसार ठरणारा विशेष भत्ता असतो आणि तो जानेवारी व जुलैपासून बदलतो. नुसता मूळ दर धरला किंवा वर्षभर एकच आकडा लावला, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तक्ता खोडून काढतो.

समजा, लागू दर महिना 13,000 रुपये आहे. महिन्याच्या कामाच्या 26 दिवसांनी भागला की रोज 500. दिलेला रोज 400, म्हणजे 26 दिवसांचा फरक 2,600. आता ओव्हरटाइम बघा. आठ तासांचे 500 म्हणजे तासाला 62.50, दुप्पट 125. रोज दोन तास जादा काम आणि त्याचे काहीच दिले नसतील, तर 52 तासांचे 6,500. मूळ फरकाच्या अडीचपट! आणि नेमकं हेच मागायचं राहून जातं. तुलना मात्र पीएफ-ईएसआय कापण्याआधीच्या पगाराशी करायची. मालकाचा पीएफचा हिस्साही कामगाराकडूनच कापला असेल, तर तोही मागायचा.

पुरावा कुठून आणायचा? पगार पावती बहुधा नसतेच. पीएफचं पासबुक काढा. ठेकेदाराचं नोंदणीतलं खरं नाव तिथे मिळतं, शिवाय त्याने पीएफसाठी दाखवलेलं वेतनही. तिथे 13,000 आणि बँकेत 10,400 जमा, तर त्याचाच कागद त्याच्याविरुद्ध बोलतो. काही ठिकाणी पूर्ण पगार खात्यात टाकून रोख परत घेतात. तेव्हा पगाराच्या दिवशी अनेकांनी काढलेली सारखीच रक्कम स्टेटमेंटवर अधोरेखित करून जोडा. मस्टरवर (हजेरीपटावर) कोऱ्या सह्या घेतल्या असतील तर अर्जातच लिहा, नंतर सांगितलेलं बनाव वाटतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता हा नवा कायदा लागू झाला. 1948 च्या किमान वेतन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षं आहे. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, आणि फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. म्हणून ती मागणी स्पष्ट लिहा. ‘परवडत नाही’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यात अमान्य केला आहे. कामगाराने कमी पगार कबूल केला होता, यालाही अर्थ नाही.

ज्या आस्थापनेत काम चालतं तिलाही पक्षकार करा. ठेकेदार गाशा गुंडाळतो, आस्थापना जागेवर असते. सुनावणीत तडजोडीची रक्कम पुढे आली तर ती प्राधिकाऱ्यासमोर (दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) लेखी नोंदवून खात्यातच घ्या. आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तिथे फाइल पडून राहू नये म्हणून मालकाचं बँक खातं आणि मिळकतीचा पत्ता अर्जासोबतच देऊन ठेवावा.