निकालपत्रातला तेविसावा परिच्छेद

माझ्या धाकट्या भावाला सत्र न्यायालयाने भारतीय दंड विधानाच्या कलम 307 खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाबद्दल, सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. बांधाचा वाद, रात्रीची मारामारी, चार आरोपी, आणि त्यातला चौथा माझा भाऊ. मूळ फिर्यादीत त्याचं नाव नव्हतं, ते चार दिवसांनी पुरवणी जबाबात आलं. एवढ्यावरच तो सुटेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

अंतिम युक्तिवादाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. सरकारी वकील तासभर बोलले आणि शेवटी भावाकडे हात करून म्हणाले, "हा म्हणतो, त्या रात्री मी उसाची गाडी घेऊन कारखान्यावर होतो. खरं होतं तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन शपथेवर का नाही सांगितलं? उलटतपासाला कोण घाबरतं?" भावाने मान खाली घातली. आमच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही मनात आलं, का नाही सांगितलं याने? सख्ख्या बहिणीला असं वाटलं, तर न्यायासनावर बसलेल्या माणसाला काय वाटलं असेल?

शिक्षा झाल्यावर निकालपत्राची एक प्रत आरोपीला तिथेच मोफत मिळते. हायकोर्टात अपील करायला 60 दिवस असतात. पहिले आठ दिवस आमच्या घरात रडण्यात गेले. नवव्या दिवशी मी ती प्रत घेऊन गावातल्या ओळखीच्या वकिलाकडे गेले, त्यांनी मला हायकोर्टाच्या खंडपीठात काम करणाऱ्या एका मॅडमचं नाव दिलं. पैशांची सोय नसेल तर तुरुंगातल्या माणसाला विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, हे मला तिथेच कळलं. आम्ही आईच्या पाटल्या मोडून फी भरली होती.

मॅडमनी निकालपत्र माझ्यासमोरच वाचलं. हातात पेन्सिल होती. बावीस परिच्छेद झाले तरी कागदावर रेघ नाही. तेविसाव्याला त्या थांबल्या, समासात उभी रेघ ओढली आणि कागद माझ्याकडे सरकवला. तिथे लिहिलं होतं की आरोपीने शपथेवर साक्ष दिली नाही, म्हणून त्याचा बचाव मागाहून सुचलेला दिसतो. सरकारी वकिलांचं तेच वाक्य, आता कोर्टाच्या तोंडून.

"हे चालत नाही, ताई," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 313 खाली कोर्ट आरोपीला पुराव्याबद्दल प्रश्न विचारतं. ती उत्तरं शपथेवर नसतात, आणि भावाने 'मी कारखान्यावर होतो' हे तिथेच सांगितलं होतं. शपथेवर साक्ष द्यायची असेल तर ती 315 खाली, तीही आरोपीने स्वतः लेखी मागितली तरच. त्याने ती दिली नाही, तर त्यावर ना कुठल्या पक्षाने टिप्पणी करायची, ना कोर्टाने, आणि त्यावरून त्याच्याविरुद्ध काही गृहीतही धरायचं नाही, असं त्या कलमातच लिहिलेलं आहे. मुळात गप्प राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 20(3) मधला. (1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात 315 चीच तरतूद कलम 353 मध्ये आहे.) कारखान्यावरचा कुणी साक्षीदार का आणला नाही, असं सरकारी वकिलांनी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी आरोपीच्याच गप्प बसण्यावर बोट ठेवलं.

पण युक्तिवाद शब्दन् शब्द टिपून ठेवला जात नाही. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, फक्त 'सरकार पक्षाचा युक्तिवाद ऐकला' एवढंच होतं. मी मागच्या बाकावरून ऐकलेलं अपिलात काय कामाचं? मॅडम म्हणाल्या, तोंडी युक्तिवादासोबत लेखी टिपण दिलं असेल तर ते रेकॉर्डचा भाग असतं, शोधा. मी नक्कल विभागात अर्ज केला, तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेला शिक्क्याच्या ओल्या शाईचा वास येणारी सात पानं हातात पडली. सहाव्या पानावर तेच वाक्य टाइप केलेलं होतं. मी तिथल्या जिन्यातच खाली बसले.

त्याच कागदांत दुसरी गोष्ट निघाली. घरातून जप्त केलेल्या रक्ताच्या सदऱ्यावर सरकारी वकिलांनी भर दिला होता, निकालातही तो होता. पण 313 च्या 41 प्रश्नांत सदऱ्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. मी ते दोनदा मोजले. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की जी परिस्थिती आरोपीला 313 खाली विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

अपील दाखल झालं, सोबत शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा असा त्याच संहितेच्या कलम 389 चा अर्ज. पाच महिन्यांनी तो मंजूर झाला. जामीनदार म्हणून मामा उभे राहिले. पुढची चार वर्षं अपील बोर्डावर लागण्याची वाट बघण्यात गेली. त्याबद्दल लिहावं असं फार काही नाही. भावाचं लग्न मात्र त्यात राहिलं.

अंतिम सुनावणी आली तेव्हा मला वाटत होतं, एवढी उघड चूक दाखवली की शिक्षा आपोआप रद्द. तसं नसतं. न्यायमूर्तींनी पहिल्यांदा मॅडमनाच विचारलं, "तेविसावा परिच्छेद आणि सदरा बाजूला ठेवला, तर उरलेल्या पुराव्यावर दोषसिद्धी टिकते की नाही, ते सांगा." कारण संहितेच्या कलम 465 प्रमाणे, चुकीमुळे खरोखर न्याय बिघडला असेल तरच निकाल फिरवतात. मॅडमची खरी तयारी याच प्रश्नाची होती. त्यांनी जखमी साक्षीदाराचा उलटतपास वाचून दाखवला. तो भावाला लहानपणापासून ओळखत होता. दोघं एकाच शाळेत होते. तरी फिर्यादीत नाव नाही, आणि का नाही याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात खांबावरचा दिवा बंद असल्याची नोंद होती. अपिलात सरकारतर्फे आलेल्या वकील बाईंनी तेविसाव्या परिच्छेदाचं समर्थन केलं नाही. त्यांनी फक्त साक्षीदारावर भर दिला. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

सहा आठवड्यांनी निकाल आला. ती टिप्पणी कायद्याने मना आहे, तिचा दोषसिद्धीवर परिणाम झाला आहे, आणि ती वगळली तर उरलेला पुरावा पुरेसा नाही, असं म्हणून कोर्टाने संशयाचा फायदा देत त्याला निर्दोष सोडलं. वरच्या कोर्टात सरकारने अपील केलंच तर हजर राहीन, असा सहा महिन्यांचा बंधपत्राचा कागद त्याने आधीच लिहून दिला होता.

फोन केला तेव्हा तो शेतात मोटार चालू करायला गेला होता. बराच वेळ बोललाच नाही. मग विचारलं, "ताई, त्यांनी काय लिहिलंय, मी गप्प राहिलो त्याबद्दल?" मी त्याला ते वाक्य वाचून दाखवलं. म्हणाला, "परत वाच."