आमची वाटचाल : थायमसचा एक काप

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकून मी छत्रपती संभाजीनगरला आलो आणि चिकलठाणा औद्योगिक वसाहतीजवळ दोन खोल्यांत ऊतक-तपासणीची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा आमच्याकडे ऊतकाचे पातळ काप घेणारा एक जुना मायक्रोटोम, एक सूक्ष्मदर्शक आणि मला धरून तीन माणसे होती. पहिली कामे कोंबड्यांच्या शवविच्छेदनाची होती. बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन या विषामुळे आक्रसलेला फॅब्रिशियसचा बर्सा, म्हणजे पक्ष्यांच्या प्रतिकारशक्तीचा एक अवयव, आम्ही इतक्या वेळा पाहिला, की विषाचा घाव यकृताबरोबर प्रतिकारशक्तीच्या अवयवांवरही पडतो, हे पुस्तकाआधी डोळ्यांनीच शिकवले.

पुढे उंदरांवरील विषबाधा चाचण्यांचे नमुने येऊ लागले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) 2008 मध्ये सुधारलेल्या 407 क्रमांकाच्या चाचणी मार्गदर्शिकेनुसार 28 दिवसांच्या अभ्यासात थायमस (छातीतील, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी घडवणारी ग्रंथी) व प्लीहा (पाणथरी) यांचे वजन करावे लागते आणि त्यांच्यासह लसीकाग्रंथी, आतड्यातील पेयर्स पॅचेस (प्रतिकार-पेशींचे पुंजके) व अस्थिमज्जाही तपासावी लागते. ‘प्लीहा सामान्य’ एवढ्यावर आम्ही थांबत नाही. तिच्यातील टी-पेशींचा पट्टा, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींचे पुंजके, त्यांच्या कडेचा भाग आणि तांबडा गर, प्रत्येकाचा शेरा स्वतंत्र लिहितो.

एका अभ्यासात जास्त मात्रेच्या गटात थायमसचा बाह्यस्तर पातळ दिसला आणि अहवालाचा मसुदाही तयार झाला. तो पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या तंत्रज्ञ ताईंनी ब्लॉक, म्हणजे ग्रंथी बसवलेले मेणाचे ठोकळे, हातात घेऊन दाखवले, की त्या गटातील ग्रंथी मेणात आडव्या बसल्या होत्या आणि नियंत्रण गटातील, म्हणजे रसायन न दिलेल्या उंदरांच्या, उभ्या. ब्लॉक वितळवून, सगळ्या ग्रंथी एकाच दिशेने बसवून चार मायक्रॉनचे काप पुन्हा घेतले, तेव्हा फरक उरला नाही. चूक आमची होती, खर्चही आम्हीच सोसला आणि उशिराचे खरे कारण ग्राहकाला लेखी कळवले.

खरी कसोटी मात्र जनावरावरच्या ताणाचा परिणाम आणि रसायनाचा थेट परिणाम वेगळे ओळखण्याची असते. मात्रा जास्त झाली, जनावराने खाणे सोडले, वजन घटले, की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि थायमसच्या बाह्यस्तरातील कोवळ्या पेशी मरू लागतात. त्यांचे तुकडे गिळणाऱ्या फिकट महाभक्षी पेशींमुळे तो भाग चांदण्या विखुरलेल्या आभाळासारखा दिसतो. पण सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचे औषध किंवा डायब्युटिलटिन हे कथिलाचे संयुग यांच्या थेट परिणामानेही थायमस आक्रसतो. म्हणून केवळ त्याच्यावरून आम्ही निकाल देत नाही. शरीराचे व अधिवृक्काचे वजन, प्लीहा आणि अस्थिमज्जा शेजारी ठेवून, ज्या मात्रेत वजन घटलेले नाही तिथेही तोच बदल दिसतो का, हे शोधतो. या कामात घाई करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीपार जातो, मेण मऊ पडते आणि काप सुरकुततात, म्हणून ब्लॉक बर्फावर ठेवून आम्ही सकाळी सहालाच कापायला बसतो. आता मायक्रोटोम दोन आहेत, माणसे सात आहेत आणि निरोगी ग्रंथीत मुळातच किती फरक असतो हे डोळ्यांत ठसावे, म्हणून प्रत्येक अभ्यासाची पहिली काचपट्टी आजही नियंत्रण गटाचीच लावतो.