उंचवटा असून पाणी ओसरत का नाही?

सांगलीतल्या आमच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी उपग्रहांनी मोजलेली समुद्राची उंची शिकवत होतो. पडद्यावर सोमालियाजवळचा ‘ग्रेट व्हर्ल’ होता. आपल्याकडे पाऊस आणणारे नैर्ऋत्य वारे सुटले की तिथे शेकडो किलोमीटर रुंदीचा हा भोवरा घड्याळाच्या दिशेने फिरू लागतो. मधलं पाणी भोवतालच्यापेक्षा वर असतं, पण अगदी वीत-दीड वीत.

ती वीत जेसन-३ सारखा उपग्रह १,३३६ किलोमीटरवरून मोजतो. रडारचा स्पंद जाऊन परतायला सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. त्यातून हवेतल्या बाष्पाचा आणि भरती-ओहोटीचा हिशेब वजा करायचा. इतकी वर्षं शिकवतोय, तरी या मोजणीचं मला अजून अप्रूप वाटतं.

पूरपट्ट्यात राहणारी एक मुलगी उठली. ‘‘सर, मधे पाणी उंच आहे, तर ते चारी बाजूंना ओसरत का नाही? आमच्या गल्लीत इंचभर उतार असला तरी पाणी वाट काढतं.’’

इतका नेमका प्रश्न क्वचित येतो. ओसरायला निघतंच, मी म्हटलं. पण पृथ्वी फिरते, म्हणून उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळत जातं. शेवटी उताराचा बाहेर ढकलणारा जोर आणि वळवणारा जोर जवळजवळ जुळतात, आणि पाणी उंचवट्याभोवती फिरत राहतं. गल्लीतलं पाणी मिनिटांत निघून जातं, पृथ्वीला त्याला वळवायला वेळच मिळत नाही. समुद्रात ते दिवसचे दिवस चालतं.

मग तिलाच फळ्याजवळ बोलावलं. अक्षांश ८ अंश, १५० किलोमीटरमध्ये ३० सेंटिमीटर उतार. हे दोन जोर समान मानून येणाऱ्या सूत्रात तिने आकडे घातले. उत्तर आलं सेकंदाला जवळपास १ मीटर. हा ढोबळ हिशेब, पण पाण्यात एकही यंत्र न टाकता प्रवाहाचा वेग! वर्ग क्षणभर फळ्याकडे बघत राहिला. मलाही फार आनंद झाला.

मागून कुणीतरी विचारलं, ‘‘मग कृष्णेची पातळी वरून कळेल?’’ डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट उपग्रह १०० मीटरपेक्षा रुंद नद्यांची उंची मोजतो, पुरातली कृष्णा त्यात बसेल. पण त्याची फेरी २१ दिवसांची, आणि पाणी तर तासातासाला चढतं. ४० फुटांचा इशारा आणि ४५ फुटांचा धोका सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवरच वाचायचा.