कोलकात्यात स्वस्तात जेवायचं तर भूक साडेअकरालाच लागू द्या

पहिल्याच रात्री आम्ही गंडलो. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने हावड्याला उतरलो, अंग आंबलेलं, म्हणून लॉजशेजारच्या एका एसी हॉटेलात शिरलो. दोन थाळ्या, दोन पाण्याच्या बाटल्या, बिल नऊशेच्या वर. पनीर तर असं की आपल्याकडे हायवेवर मिळतं तेच. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त खोलीवर येऊन डब्यातले दोन दशम्यांचे तुकडे खाल्ले.

आमच्या जोडीची अडचण आधी सांगते. मी रत्नागिरीची, मासे म्हटलं की जीव टाकणारी. आई, म्हणजे सासूबाई, कऱ्हाडच्या, अंडंही न खाणाऱ्या. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ त्यांना बघायचा होता, कोलकात्याचे मासे मला खायचे होते. पाच दिवसांत दोघींचं भागलं ते पाइस हॉटेलांमुळे.

पाइस म्हणजे पैसा. नोकरीसाठी आलेल्या, मेसमध्ये राहणाऱ्या लोकांना पैशांच्या हिशोबात जेवण देणाऱ्या या खानावळी. आपल्या खानावळीशी एक मोठा फरक म्हणजे इथे थाळी नसते. भात वेगळा, डाळ वेगळी, भाजी वेगळी, माशाची तुकडी वेगळी. लिंबाचे आणि केळीच्या पानाचेही पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लावतात. त्यात फसवणूक काही नाही, जेवढं मागाल तेवढंच भरायचं.

कॉलेज स्ट्रीटजवळ, प्रेसिडेन्सी विद्यापीठाला लागून भवानी दत्त लेन आहे. तिथलं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल 1927 सालचं, नावातलं ‘स्वाधीन भारत’ मात्र स्वातंत्र्यानंतर जोडलेलं. आम्ही पावणेबाराला पोचलो. टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. वाढणारा पुढ्यात येऊन उभा राहिला आणि एका दमात आज काय काय आहे ते म्हणून मोकळा झाला. मला त्यातलं ‘रुई’ आणि ‘पाबदा’ ही माशांची नावं एवढंच कळलं. मी सरळ शेजारच्या काकांच्या पानाकडे बोट दाखवलं. जेवण झाल्यावर त्याच माणसाने आमच्या पानांकडे एक नजर टाकली, तोंडानेच हिशोब केला आणि गल्ल्यावर आकडा ओरडून सांगितला. दोघींचे मिळून साडेतीनशेच्या आत.

आता शाकाहाऱ्यांसाठी, हे नीट वाचा. नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका, ‘निरामिष’ म्हणा. आणि डाळ मागताना ‘माछेर माथा’ नाही ना, हे विचाराच. मुगाच्या डाळीत माशाचं डोकं घालायची तिकडे पद्धत आहे, कोबीतही घालतात, पालेभाजीत कोलंबी असू शकते. वाढणाऱ्याने आईंना ‘माशीमा’ म्हणत हात हलवून त्यांच्या पानातली डाळ थांबवली आणि दुसरी आणून दिली, म्हणून निभावलं. (माशी म्हणजे मावशी. आई आधी दचकल्याच.) त्यांना सगळ्यात आवडलं ते आलू पोस्तो, म्हणजे खसखशीच्या वाटणातला बटाटा. शुक्तो ही मिश्र भाजी कडवट असते, ती जेवणाच्या सुरुवातीला घ्यायची. शेवटी गोड चटणी येते, ती पोळीला लावायची नसते, तशीच खायची. मोहरीच्या तेलाचा वास मात्र पहिले दोन दिवस आईंच्या डोक्यात गेला. त्याला इलाज नाही.

वेळ सांभाळा. बारापर्यंत गेलात तर सगळं मिळतं, दोननंतर एकेक मासा संपत जातो. न्यू मार्केटमागे, राणी रासमणी रोडवरच्या सिद्धेश्वरी आश्रमात आम्ही अडीचला गेलो तर निम्मे पदार्थ संपले होते. तरी कविराजी झोल मिळालं. कविराज म्हणजे तिकडचे वैद्य, म्हणून मसाला जवळजवळ नसलेलं पातळ कालवण, प्रवासाने बिघडलेल्या पोटाला उत्तम. लेक मार्केटचं तरुण निकेतन 1915 सालचं, त्याला कालीघाट मेट्रो जवळ. कॉलेज स्ट्रीटला एम. जी. रोड स्टेशन, सिद्धेश्वरीला एस्प्लनेड. तिन्ही स्टेशनं एकाच मार्गावर आहेत, टॅक्सीत पैसे घालवू नका. हावड्याहूनही आता नदीखालून मेट्रोने थेट एस्प्लनेडला येता येतं.

एक चूक माझी. डेकर्स लेनमधलं स्ट्यू आणि टोस्ट खायला रविवारी गेले. तो सगळा ऑफिसांचा भाग, गल्लीत शुकशुकाट. सोमवारी दुपारी परत गेले तर पाय ठेवायला जागा नाही. रविवारी करायचं असेल तर पहाटे उठून टिरेटा बाजारात जा, सेंट्रल मेट्रोपासून चालत. चिनी नाश्ता रस्त्यावरच मांडलेला असतो, वाफेवरचे बाव, फिशबॉलचं सूप. साडेआठला सगळं आवरतं. शाकाहाऱ्याला तिथे फारसं काही नाही, मी आईंना झोपू दिलं.

त्यांची सकाळ पुँटीरामकडे असायची, कॉलेज स्ट्रीटजवळच. गरम कोचुरी आणि हरभऱ्याची डाळ. कोचुरी म्हणजे आपली कचोरी नव्हे, सारण भरलेली पुरीच म्हणा. मिठाई नगावर मिळते, पाव किलो घ्यायची गरज नाही. मातीच्या भांड्यातला चहा दोन घोटांचा, त्यामुळे दोनदा घ्यावा लागतो.

संध्याकाळी पाइस हॉटेलात जाऊ नका असं नाही, पण निवड कमी असते. त्यापेक्षा तेलेभाजाच्या, म्हणजे भज्यांच्या, दुकानासमोर उभं राहावं. वांग्याची बेगुनी, बटाट्याचा चॉप, बरोबर कागदात मुरमुरे. शेवटच्या संध्याकाळी श्यामबाजारात मोचार चॉप मिळाला. मोचा म्हणजे केळफूल, हे मी सांगेपर्यंत आईंनी ओळखलं होतं. त्यांनी दोन खाल्ले, मी तीन, आणि रात्री जेवायला बाहेर पडलोच नाही.