हूडवर हात ठेवून बघ की

मागच्या नोव्हेंबरात मी पहिलं स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळवायची गाडी, बघायला गेले, त्या दिवशी अमेरिकेतल्या आमच्या डुलुथमध्ये बर्फाचा कण नव्हता. अंगणभर वाळलेली पानं आणि त्यात पुढे दोन स्की असलेलं ते यंत्र, वैशाखात घोंगडी विकायला मांडावी तसं. पण शेजाऱ्याचं म्हणणं, घ्यायचं तर आत्ताच. पहिला बर्फ पडला की त्याच मशीनची किंमत रात्रीत वाढते. शिवाय २०२३-२४ चा हिवाळा आमच्या मिनेसोटा राज्यात जवळपास बर्फाविनाच गेला होता. सगळा सीझन गॅरेजात उभ्या राहिलेल्या मशीनचे हप्ते भरून कंटाळलेली बरीच माणसं विकायला निघाली होती.

इथे स्नोमोबिल असं लांबलचक कुणी म्हणत नाही. स्लेड म्हणतात. आणि स्लेडच्या कंपनीवरून इथे जशी भांडणं होतात, तशी आमच्याकडे फक्त तालमींवरून होतात. पोलारिस रोझोची, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्सची. दोन्ही गावं याच राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, आणि दोन्ही कंपन्यांच्या सुरुवातीला एकच माणूस, एडगर हेटीन. तिसरी कॅनडातली स्की-डू. मी कोणाचं घेतलं ते सांगणार नाही. सांगितलं तर ऑफिसातले निम्मे लोक माझ्याशी बोलायचे बंद होतील.

मशीन तपासायला मी का, नवरा का नाही, असं मैत्रिणी विचारतात. नवरा पुण्याचा. चाक पंक्चर झालं की तो आधी फोन काढतो. मी इचलकरंजीत आप्पांच्या गॅरेजात वाढले. शाळेतून आले की आरएक्स १०० चे प्लग तारेच्या ब्रशने घासून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं, नगाला चार आणे. जाहिरातीत ‘५५० सीसी, टू-स्ट्रोक, फॅन-कूल्ड’ वाचलं आणि माझी भीती निम्मी गेली. बजाज स्कूटरच्या इंजिनावर जसं पत्र्याचं कव्हर आणि आत पंखा, तसंच हे. फक्त सिलिंडर दोन. आणि गिअर नाहीत. त्याजागी बेल्ट आणि दोन पुली, म्हणजे आपली किनेटिक होंडाच.

फॅन-कूल्डच घ्यायचं हे मी आधीच ठरवलं होतं. लिक्विड-कूल्ड स्लेडमध्ये कूलंट सीटखालच्या टनेलमधल्या, म्हणजे धातूच्या बोगद्यासारख्या सांगाड्यातल्या, पन्हळीतून फिरतं आणि ट्रॅकने, म्हणजे खाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याने, उडवलेला बर्फ त्याला थंड करतो. नुसत्या काचेसारख्या गोठलेल्या तळ्यावर गेलात, बर्फ उडालाच नाही, तर इंजिन तापतं. ताकद जास्त, पण माझ्यासारख्या नवशिकीला एक काळजी जास्तीची.

तर ते पहिलं स्लेड. मीटरवर १,९०० मैल, प्लास्टिक चकाचक, विकणारा पोरगा गोड बोलणारा. मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. इकडे सकाळचे दहा, तिकडे रात्रीचे साडेनऊ, जेवण उरकून ते गॅलरीत बसलेले. मी कॅमेरा फिरवून स्की दाखवते आहे, ट्रॅक दाखवते आहे, ते काही बघतच नाहीत. म्हणाले, “ते राहू दे गं. आधी हूडवर हात ठेवून बघ की.”

हूड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, कोमट होतं.

बाहेर उणे दोन. मी येणार म्हणून पोरग्याने आधीच सुरू करून ठेवलं होतं. “अंगणात हलवायला सुरू केलं,” म्हणाला. असेलही. पण थंड इंजिन किती ओढण्यात सुरू होतं, हेच तर मला बघायचं होतं. मग सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज काढलं. इथल्या सुट्या भागांच्या दुकानांत असली हत्यारं अनामत ठेवून वापरायला मिळतात. प्लग काढून त्या भोकात गेज पिळायचं, प्लगांना त्यांच्या कॅप लावून ते इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायचे, किल-स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण दाबून धरायचा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. थ्रॉटल म्हणजे उजव्या अंगठ्याचा खटका. तो नवऱ्याने दाबून धरला. त्याचं त्या दिवशीचं योगदान तेवढं. एका सिलिंडरला १२२ पीएसआय. दुसऱ्याला ९५.

आकडा थोडा कमी असला तरी एकवेळ चालतं, कारण गेजागणिक तो बदलतो. पण दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. प्लगही तेच सांगत होते: एकाचा रंग चहासारखा, दुसऱ्याचा पांढराफटक. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय, इंजिन उपाशी जळतंय. दोन वर्षं उभं राहून टाकीतलं पेट्रोल चिकट झालं, कार्बुरेटरच्या जेटमध्ये बसलं, आणि तसंच पळवलं, असं आप्पांचं निदान. “कमी पळालंय म्हणून चांगलं, असं नसतंय. उभी गाडी जास्त सडते,” असं म्हणून ते झोपायला गेले.

पोरगा दोनशे डॉलर कमी करायला तयार होता. नवराही विरघळला होता, कारण स्लेड लाल होतं. मी गेज डब्यात ठेवलं.

दुसरं स्लेड टू हार्बर्सच्या पुढे, लेक सुपीरियरच्या काठच्या एका आजोबांचं. ४,१८० मैल. दोघांची सीट, मागे पाठ टेकायला गादी, १३६ इंची ट्रॅक. सीटला चिकटपट्टी मारलेली. हूड बर्फासारखं गार. मी हात ठेवलेला बघून आजोबा मिशीत हसले. मग त्यांनी सायलेन्सरच्या तोंडातून स्टील वूलचा बोळा ओढून काढला. उंदीर शिरू नयेत म्हणून. आमच्याकडे डांबरगोळ्या ठेवतात, इकडे हे. बोळा काढायला विसरलात तर काय होईल, ते त्यांनी हातवारे करून दाखवलं.

चोक ओढला, तिसऱ्या झटक्याला सुरू. निळसर धूर आला आणि टू-टी ऑइलचा वास. त्या वासाने मला जे झालं ते इथे लिहीत नाही.

कॉम्प्रेशन १२० आणि १२२. माझं निम्मं काम तिथेच झालं होतं, पण आप्पांना माहीत नसलेला भाग, म्हणजे बर्फाचा भाग, पुढे होता. तो मला आजोबांनीच शिकवला, स्वतःच्याच मालातले दोष दाखवत. मागचा भाग स्टँडवर उचलून त्यांनी मला ट्रॅक हाताने फिरवायला लावला. रबराचे दात मोजायचे: कुठे तुटलेत, कुठे मुळापासून फाटलेत. ट्रॅकच्या पोटात आडव्या फायबरच्या काड्या असतात. एखादी मोडली असेल तर तेवढा भाग हाताला लुळा लागतो. आमच्या ट्रॅकचे चार दात कोपऱ्यात खाल्लेले, काड्या सगळ्या शाबूत. आतली छोटी चाकं एकेक करून फिरवली. एक खरखरलं. “बेअरिंग,” दोघंही एकदम म्हणालो.

मग हायफॅक्स. ज्या दोन रुळांवर ट्रॅक सरकतो, त्यांच्या खालच्या कडेला प्लास्टिकची पट्टी चढवलेली असते, तिचं हे नाव. तिला वंगण म्हणून बर्फच लागतो. कोरड्या रस्त्यावर पळवलं तर ती तापून वितळते. म्हणूनच नोव्हेंबरात “जरा चालवून बघते” म्हणायची सोय नाही. पट्टीवर झिजेची खूण असते. आमची पट्टी त्या खुणेपाशी टेकलेली. स्कीखालच्या कार्बाइडच्या धारा गोल झालेल्या. त्या गोल झाल्या की वळणावर हँडल वळतं, स्लेड सरळच जातं. पुढचा भाग उचलून स्की हलवली तर डावीकडे टकटक असा प्ले, म्हणजे ढिलेपणा. हे सगळं मी कागदावर लिहीत गेले आणि समोर किंमत मांडत गेले.

ज्या जागा दुरुस्त करता येत नाहीत, त्या मात्र सरळ होत्या. मागून ओणवं होऊन बघितलं तर टनेल वाकडं नाही, रिव्हेट सैल नाहीत. झाडाला किंवा खडकाला धडकलेलं स्लेड नवं प्लास्टिक लावून सुंदर करता येतं, पण वाकलेला सांगाडा लपत नाही. चेनकेसचं, म्हणजे चेन फिरते त्या डब्यातलं, तेल बोटावर घेतलं, त्यात धातूच्या कणांची चमचम नव्हती. बेल्टचं कव्हर उघडलं तर आतल्या बाजूला मार्करने लिहिलेलं: २,९६०. बेल्ट बदलला तेव्हाचा मीटर. जुना बेल्ट गुंडाळून तिथेच अडकवलेला, अडीअडचणीला.

रिव्हर्सची गंमत आप्पांना दुसऱ्या दिवशी सांगितली. बटण दाबलं की इंजिन मरायला टेकतं आणि त्याच क्षणी उलट्या दिशेने फिरायला लागतं. वेगळा गिअर नाही, इंजिनच उलटं. टू-स्ट्रोकला दोन्ही दिशा सारख्याच. ते म्हणाले, “आमच्याकडं टायमिंग चुकलं की व्हायचं ते. लोक शिव्या घालायचे. ह्यांनी त्याचं बटण केलं व्हय?”

आजोबांनी २,६०० सांगितले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला, बेअरिंगची किंमत मी जास्त धरली आहे म्हणाले, आणि ती बरोबर करून २,३०० वर आले. इथे स्लेडला मोटारीसारखं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नसतं, म्हणून टनेलवर कोरलेला नंबर नोंदणीच्या कार्डाशी अक्षर न अक्षर जुळवला, विक्रीची चिठ्ठी दोघांनी सह्या करून घेतली, पैसे रोख. एक गोष्ट मात्र मला घरी येऊन कळली: ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या माणसाला या राज्यात सेफ्टी सर्टिफिकेटशिवाय स्लेड चालवता येत नाही. आजोबांना लागत नाही, आम्हा दोघांना लागतं. डिसेंबरात नवरा-बायको ऑनलाइन परीक्षेला बसलो. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, हे तो भेटेल त्याला सांगतो.

हायफॅक्स, कार्बाइड, बेअरिंग आणि डाव्या स्कीचे बुश मी दोन शनिवारांत बदलले. मग जानेवारीत डुलुथहून नॉर्थ शोअर ट्रेलला लागलो. तो पुढे ग्रँड मरेपर्यंत १४६ मैल जातो. आम्ही पंधरा मैलांवरून परत फिरलो, कारण उणे एकोणीस होतं आणि माझा उजवा अंगठा मेल्यासारखा झाला होता. या मशीनच्या हँडलांना आणि थ्रॉटलच्या खटक्याला आतून ऊब देणारी तार असते. हँडलं छान गरम. खटका थंडगार. प्लग, ट्रॅक, तेल, रिव्हेट, सगळं बघितलं, आणि ज्या एका जागी सलग दोन तास अंगठा राहणार होता तिथलं बटण मी दाबूनच बघितलं नव्हतं.

आप्पांना सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“अंगठा शेकायची सोय?” म्हणाले. “गाडीत?”