आमची वाटचाल: महालातल्या पाट्यांपासून स्टोरीबोर्डपर्यंत

आमच्या स्टुडिओत दोन कामं होतात. एक म्हणजे स्टोरीबोर्ड, म्हणजे दिग्दर्शकाच्या डोक्यातला सीन शूटिंगआधीच शॉटवार कागदावर उतरवून देणं. दुसरं, सिनेमाच्या सेटसाठी लागणाऱ्या जुन्या धाटणीच्या, हाताने रंगवलेल्या पाट्या. हे सगळं नागपुरात, महाल नावाच्या जुन्या वस्तीत बसून चालतं, याचं मुंबईच्या मंडळींना अजून नवल वाटतं. हे काम एका माणसामुळे सुरू झालं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

सर माहितीपट करतात. नाव लिहायचं नाही असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून नुसतं सर. शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकत असताना मी त्यांचा हातमाग विणकरांवरचा माहितीपट पाहिला. त्यात एक म्हातारी बाई आपल्या कर्जाबद्दल बोलत असते आणि त्या सगळ्या वेळात कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातच नाही. तो मागावर सूत घेऊन पळणाऱ्या धोट्यावर असतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. ती बोलायची थांबते, धोटा थांबत नाही. चित्र काढणाऱ्या माणसाला त्या एका शॉटने जे कळतं, ते वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. खेळ संपल्यावर मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती उभ्या-उभ्याच शेवटपर्यंत चाळली आणि म्हणाले, "मारबतीच्या दिवशी इतवारीत ये. वही आण, रंग नको."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. ढोल, बडगे म्हणून सोबत निघणारे पुतळे, "घेऊन जा गे मारबत"चा गजर, आणि मुंगी शिरणार नाही अशी गर्दी. दिवसभर मी काढत राहिले. संध्याकाळी सरांनी सगळी पानं बाजूला सारून एकच ठेवलं. बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या पाठीमागून दिसणारी मारबत होती ती, अर्धीअधिक माणसांच्या डोक्यांनी झाकलेली. "ह्याच्यात तू कुठं उभी आहे ते समजते," ते म्हणाले. "कॅमेरा कुठं ठेवायचा, ह्याचं उत्तर असंच मिळते."

पुढची काही वर्षं मी त्यांच्यासोबत हिंडले. पगार नव्हता, प्रवास आणि जेवण त्यांचं. लेन्स बदलली की दोन माणसांमधलं अंतर कसं बदलतं, हे त्यांनी मला इतवारीच्या एका बोळात दाखवलं. त्याच दोन हमालांना जवळ जाऊन २४ एमएमच्या रुंद लेन्सने पाहिलं की मधे बोळ लांबच लांब पसरतो. मागे सरून ८५ एमएमच्या लांब लेन्सने पाहिलं की ते एकमेकांना खेटून उभे असल्यासारखे दिसतात. मे महिन्याच्या शेवटी आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्या वेळेला ते चेहऱ्यांचं शूटिंग ठेवत नसत. आजही आम्ही स्टोरीबोर्डच्या प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात सूर्याची दिशा आणि वेळ लिहितो. कॅमेरामन मंडळी त्यासाठी आमचं नाव काढतात.

"चित्रकाराने सिनेमात काय करायचं?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी बाबुराव पेंटरांचं सांगितलं. कोल्हापूरचा हा माणूस आधी नाटकांचे पडदे रंगवायचा. पुढे त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला. पात्रांची, पोशाखांची रेखाटनं ते आधी करून ठेवत. दामले, फत्तेलाल, शांताराम हे तिघेही त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले आणि १९२९ मध्ये 'प्रभात' उभी करणाऱ्यांत होते. दुसरं नाव सत्यजित राय यांचं. कलकत्त्याच्या जाहिरात कंपनीत चित्रं काढणारा हा तरुण, १९४९ साली फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार जागा शोधायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर बंगालच्या खेड्यांतून फिरला. पुढे 'पथेर पांचाली'साठी त्याच्या हातात रीतसर पटकथा नव्हती, चित्रांची वही होती. तीच तो निर्मात्यांना दाखवत फिरला. मला हे ऐकून धीर आला. आपण करतोय ते भलतंसलतं नाही, त्याला वडीलधारी माणसं आहेत.

घरी मात्र वेगळंच होतं. बाबा पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि महालातल्या दुकानदारांनी एकामागून एक हात आखडता घेतला. "ह्याच्यानं पोट भरन का व?" हा बाबांचा प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. उत्तर सरांनीच दिलं. ते घरी चहाला आले, बाबांनी रंगवलेल्या जुन्या पाट्या पाहिल्या आणि म्हणाले, "दादा, हे आता कोणाला येत नाही. सिनेमावाले शोधत फिरतात." त्यांनीच पहिलं गिऱ्हाईक आणून दिलं, जुन्या काळातल्या एका मालिकेचं. किराणा, शिंपी, सायकल दुरुस्ती अशा पाट्या हव्या होत्या.

नवी पाटी जुनी करणं ही बाबांची खासियत. लाल रंग उन्हाने आधी उडतो, काळा टिकतो, म्हणून लाल ते सुरुवातीलाच फिका घेतात. खिळ्याच्या वर कधी गंज दाखवत नाहीत, खालीच ओघळतो तो. हात लागतो त्या उंचीला कडा घासतात, वरच्या तशाच ठेवतात. सुतळीला खडू लावून रेघ मारायची, मग इनॅमलने अक्षर. 'श्री'चा वळसा ते एका दमात काढतात. आमच्याकडची पोरं ते बघायला हातातलं काम सोडून येतात.

'झुंड' या सिनेमाचं शूटिंग नागपुरात झालं आणि २०२२ साली इथली पोरं पडद्यावर दिसली, त्यानंतर आईबाप मुलांना आमच्याकडे पाठवायला कमी घाबरतात, असा माझा अनुभव आहे. धंद्याचं म्हणाल तर एका निर्मात्याने पूर्ण सिनेमाचे बोर्ड घेतले आणि पैसे बुडवले. तेव्हापासून निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. सरांनाही ही अट लागू आहे, आणि ते ती हसत पाळतात.

आता आम्ही नवीन मुलं घेतो आहोत. शनिवारी दुपारी स्टुडिओ उघडा असतो, सर जमेल तेव्हा येतात. रंगवलेली व्यक्तिचित्रं आणू नका. आपल्या मोहल्ल्यातली एकच जागा निवडा, चौक, पानठेला, नळ, काहीही, आणि चार वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून ती काढा. पेन्सिल चालेल, बॉलपेन चालेल. चित्राच्या मागे लिहा, तुम्ही कुठे उभे होता आणि किती वाजले होते.